सारखी चूक

पोथी उतरून काढणारा माणूस शेवटच्या पानावर एक श्लोक लिहून हात झटकतो. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥' समोर जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध असो नाहीतर अशुद्ध, मला बोल लावू नका. एम.ए.ला असताना आम्ही या श्लोकाला हसायचो, कारण बहुतेक पोथ्यांमध्ये तो श्लोकच अशुद्ध लिहिलेला असायचा. नंतर हसू कमी झालं. तो बिचारा निदान कबूल तरी करत होता की हे माझं नाही, मी समोरचं पाहून लिहिलंय. आणि समोर काहीतरी होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं सगळं आयुष्य अशा पोथ्यांच्या चुका मोजण्यात गेलं. पाठचिकित्सा म्हणतात त्या शास्त्राला. दोन पोथ्यांमधला मजकूर बरोबर जुळला तर त्यातून फारसं काही कळत नाही, बरोबर ते दोघांनाही बरोबरच दिसणार. पण दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली की कान टवकारायचे. एकीनं दुसरीवरून उचललंय, नाहीतर दोघींनी तिसऱ्याच कुणावरून तरी. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला १९१९ मध्ये घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. मधल्या काळात देशभरातल्या १२५९ हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. त्या ग्रंथांचं पान उघडलं की वर चार ओळी श्लोक आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखे पाठभेद. कोणी काय लिहिलं, कोण कुठे चुकलं, सगळं नोंदलेलं. आमचे सर म्हणायचे, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं, चूक मात्र ज्याची त्याची असते. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या मास्तरांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं सांगायचं कारण २०१९ च्या नोव्हेंबरात माझ्या टेबलावर आलेला एक लिफाफा.

त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै २०१८ ला, विद्यापीठ अनुदान आयोगानं वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम जाहीर केले होते. प्रत्येक विभागात एक समिती हवी. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि ते सॉफ्टवेअर चालवता येणारा एक माणूस. तिच्या वर संस्थेची समिती. तक्रार आली की विभागाच्या समितीनं ४५ दिवसांत अहवाल द्यायचा. शेजारच्या विभागाला 'बाहेरचा ज्येष्ठ' हवा होता, मी मराठी विभागातली आणि निवृत्तीला जवळ आलेली. माझं नाव टाकलं गेलं. विद्यापीठात अशा समित्यांना नाही म्हणायची पद्धत नसते. आणि खरं सांगायचं तर कोणाला वाटलंही नव्हतं की बैठक घ्यायची वेळ येईल.

लिफाफ्यात हातानं लिहिलेली दोन पानी तक्रार होती. खाली सही. निनावी तक्रारींची सवय असलेल्या आम्हाला त्या सहीचंच जास्त दडपण आलं. तक्रार करणारी मुलगी ज्यांच्याकडे पीएच.डी. करत होती, त्याच गाइडकडे एका कॉलेजात कायम नोकरीवर असलेल्या प्राध्यापकानं आपला प्रबंध नुकताच सादर केला होता. तीन मुद्दे होते. एक, प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्वी छापून आलेल्या एका लेखावर बेतलेलं आहे आणि त्या लेखाचा उल्लेख नाही. दोन, ज्या मठातली पोथी स्वतः पाहिल्याचं त्यांनी लिहिलंय, त्या मठात ते कधी गेलेच नाहीत. तीन, प्रबंधात दिलेला शक आणि पोथीच्या शेवटचा संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसरा मुद्दा वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याबद्दल पुढे सांगते.

प्रबंधाबरोबर सॉफ्टवेअरचा रिपोर्ट जोडलेला होता. त्या सुमारास सरकारनं विद्यापीठांना उरकुंड नावाचं स्वीडनचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. आमच्याकडचे शिपाई त्याला 'उरकून' म्हणायचे. 'मॅडम, तुमच्या पोरीचा थिसिस उरकून आला.' इतकं नेमकं नाव मी दुसरं ऐकलं नाही. तर उरकून आलेल्या या प्रबंधात साम्य निघालं होतं ४ टक्के.

नियमांमधलं दंडाचं कोष्टक सगळं टक्क्यांवर आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य म्हणजे किरकोळ, दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्या. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्द जुळले तरी चालतात. हे सगळं कोणीतरी डोकं लावून ठरवलंय, मी त्याची टिंगल करत नाही. या नियमांच्या आधी तर देशभर लागू असं कोष्टकच नव्हतं. पण लॅक्टोमीटर बुडवून दुधात पाणी किती हे कळतं, दूध कोणाच्या गोठ्यातलं हे कळत नाही.

आणि मराठीच्या बाबतीत लॅक्टोमीटरही धड चालत नाही. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबते. आपल्याकडे युनिकोड येण्याआधी वीसेक वर्षं सगळं टायपिंग श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये झालं. त्या फाइलमध्ये डोळ्यांना 'ज्ञानदेव' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा असतो. तो सॉफ्टवेअरला दिला तर ते कशाशी ताडणार? त्याआधीचे प्रबंध टंकलेखनावर, ते स्कॅन केलेले, म्हणजे मजकूर नव्हेच, नुसती चित्रं. २००९ नंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर लाखो पानं चढली हे खरं, पण मराठीतल्या जुन्या संशोधनाचा मोठा भाग या जाळ्याच्या बाहेरच पोहतोय. खिळे जुळवून छापलेली त्रैमासिकं, जिल्ह्याच्या गावच्या संशोधन मंडळांचे अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ. ते कुठल्याच सर्व्हरवर नाहीत. त्यातून शब्दन् शब्द उचला, रिपोर्टमध्ये शून्य येईल. ज्याला मराठीत उचलेगिरी करायची आहे त्यानं नवीन वाचू नये, जुनं वाचावं. (हे लिहिताना मी कोणाला वाट दाखवतेय की काय अशी भीती वाटली. पण ती वाट ज्यांना हवी असते त्यांना ती माहीतच असते.)

जानेवारीत बैठक झाली. विभागप्रमुख भले गृहस्थ. त्यांनी रिपोर्ट वर ठेवला, तक्रार खाली. म्हणाले, "चार टक्के. लेव्हल झीरो. आपल्या हातात काही आहे का, मॅडम?" सॉफ्टवेअर जाणणाऱ्या सरांनी मान हलवली. मी म्हटलं, तक्रारीत टक्क्यांचा मुद्दाच नाही, तो माणूस मठात गेला नव्हता असं म्हटलंय. मग सर जरा पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लेकरू गरीब घरचंय. बापानं ऊसतोडीवर जाऊन शिकवलं. आता एवढ्यावरून वाटोळं करायचं का?"

मला ते लेकरू चाळिशीचं होतं हे आठवलं, आणि तक्रार करणाऱ्या मुलीचा बाप काय करतो हे आम्हा तिघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं हेही.

त्या प्राध्यापकांना आत बोलावलं. नम्र माणूस, वाकून नमस्कार केला. मी विचारलं, पोथी कशात ठेवलेली होती?

"लाल कापडात गुंडाळलेली, मॅडम."

कोणीही हेच म्हणेल. पोथी म्हटलं की लाल कापड. त्या मठातली पोथी मात्र पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात असते. वाळवीला कंटाळून महाराजांच्या आईनं ती डब्यात घातली होती आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून लावला होता. मला ठाऊक होतं, कारण मी १९९३ मध्ये त्या मठात तीन दिवस राहून ती पोथी उतरवून घेतली होती.

"टिपणवही आणलीत?"

"लॉकडाऊन... नाही, म्हणजे घर बदललं तेव्हा गहाळ झाली." (लॉकडाऊन हा शब्द माझ्या आठवणीनं मागाहून घुसवला आहे. तो मार्चमध्ये आला, बैठक जानेवारीतली. नंतरच्या दोन वर्षांत हरवलेल्या प्रत्येक वहीचं कारण तेच ऐकल्यामुळे असं होतं. ते फक्त घर बदलल्याचं म्हणाले.)

"आणि शक कसा वाचलात?"

"स्पष्ट आहे, मॅडम. सोळाशे पंधरा."

तो स्पष्ट नाही. तो १६१५ नाहीच. १६१५ ही माझी चूक आहे.

त्या पोथीचं शेवटचं पान कसरीनं खाल्लेलं आहे. जुन्या वळणाच्या ९ मधलं एक वेलांटीएवढं वळण गेलं की मागे १ उरतो. चाळीस वॅटच्या बल्बखाली तिसऱ्या रात्री मी तो १ वाचला. पुढे संवत्सराचं नाव होतं, त्यावर तेलाचा डाग, म्हणून मी तिथे टिंबं दिली. खरं तर शक पडताळायची युक्ती पहिल्या वर्षाच्या मुलालाही येते. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. डागाखालचं एखादं अक्षर जरी लागलं असतं तरी ताळा पाहता आला असता. मी डागाशी फार झटले नाही. कारण १६१५ म्हणजे इसवी सन १६९३, आणि त्या पोथीतल्या आख्यानाची एवढी जुनी प्रत तोवर कोणाच्या हाती लागलेली नव्हती. 'सर्वांत जुनी ज्ञात प्रत' हे शब्द मी परतीच्या एसटीतच मनात जुळवले होते.

लेख १९९५ मध्ये एका त्रैमासिकात छापून आला. पुढच्या वर्षी मुलाखतीत तज्ज्ञांपैकी एकानं त्याचं नाव काढलं. नोकरी लागली. त्या लेखामुळेच लागली असं नाही, पण लेख नसता तर लागली असती की नाही ते मला सांगता येणार नाही.

१९९८ मध्ये दुसऱ्याच कामासाठी त्या मठात गेले तेव्हा बॅटरी बरोबर होती. प्रकाश आडवा पाडून डाग पाहिला. 'वि' दिसला, मग 'य'. विजयनाम संवत्सर. १६१५ मध्ये १२ मिळवून ६० नं भागलं तर बाकी ७, म्हणजे श्रीमुख. विजय सत्ताविसावा. १६९५ अधिक १२ म्हणजे १७०७, बाकी बरोबर २७. इसवी सन १७७३, पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष. माझी प्रत एका क्षणात ८० वर्षांनी लहान झाली. आता ती सर्वांत जुनी राहिली नव्हती, जुन्यातली एक झाली होती.

घरी येऊन मी माझ्याकडच्या अंकात पेन्सिलीनं १ खोडून ९ केला. संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं. मग दिवाळी आली, मग पेपर तपासणी, मग मुलाचं आजारपण. ही कारणं खरी आहेत. तरी एकवीस वर्षं पुरतील एवढी ती नाहीत.

तर त्या जानेवारीच्या दुपारी ती चूक वाकून नमस्कार करून माझ्यासमोर बसली होती. इतकी बिनतोड चोरी मी आयुष्यात पाहिली नव्हती. पोथी पाहिली असती तर त्यांनी कदाचित १६९५ वाचला असता, कदाचित काहीच वाचता आलं नसतं. १६१५ आणि पुढे नेमकी तेवढीच टिंबं जगात एकाच ठिकाणी होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की ही चूक माझी आहे आणि ती तुमच्याकडे आली याचा अर्थ तुम्ही माझा लेख उतरवलात. प्रकरण तिथे संपलं असतं.

ते गेल्यावर विभागप्रमुखांनी तक्रारीवर बोट ठेवलं. "हे तिसरं काय आहे, मॅडम? संवत्सर वगैरे. हा तुमचा विषय."

मी म्हणाले, "तांत्रिक बाब आहे."

दोन शब्द. तिथून उठायला हवं होतं मला, खरं तर पहिल्याच दिवशी. ज्या लेखाची चोरी झाली त्याची लेखिका त्या समितीत बसूच शकत नव्हती. न्यायाधीश मी, साक्षीदार मी, आणि बारकाईनं पाहिलं तर लहानसा आरोपही माझ्यावर. 'पूर्वी छापून आलेला एक लेख' म्हणजे कोणता, हे सरांनी विचारलं तेव्हाही मी गप्प होते. प्रत्यक्ष मठात जाऊन पाहून यावं असं कोणीतरी म्हणालं. अंतर ९० किलोमीटर. गाडीच्या मंजुरीला महिना लागेल, ४५ दिवसांची मुदत उलटेल, असं निघालं. माझा जीव भांड्यात पडला, हे आज लिहिताना लाज वाटते.

अहवालात लिहिलं गेलं: साम्य अनुज्ञेय मर्यादेत आहे, मूळ साधनासंबंधीचा तपशील चौथ्या प्रकरणात अधिक स्पष्ट करावा. खाली तीन सह्या. त्यांनी एक परिच्छेद वाढवला. त्याच वर्षी ऑनलाइन व्हायवा झाला आणि ते डॉक्टर झाले.

नियती म्हणावं की विद्यापीठाची विनोदबुद्धी, मला कळत नाही, पण त्यानंतर लगेच माझ्याकडे नवा विषय आला. 'संशोधन आणि प्रकाशन नीती'. आयोगानं २०१९ च्या डिसेंबरात पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय सक्तीचा केला होता. शिकवायला कोण, तर ज्यांना समितीचा अनुभव आहे त्या मॅडम. टाळेबंदीत, सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसत्या नावांच्या चौकोनांसमोर मी नीती शिकवली.

उदाहरणं शोधायला लागले आणि जिकडे तिकडे मला सारखी चूकच भेटायला लागली. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये यान हेंड्रिक शॉन नावाचा तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होता. दर काही दिवसांनी त्याचा नवा शोधनिबंध येई, नोबेलची कुजबूज होती. २००२ मध्ये काही जणांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या दोन आलेखांमधली खरखर तंतोतंत एक आहे. प्रयोगात उपकरणाची जी बारीक थरथर येते ती दोनदा सारखी येऊच शकत नाही. आलेखाची रेघ सारखी आली असती तर कोणी वाह म्हटलं असतं. चौकशी समितीनं २४ आरोप तपासले आणि १६ मध्ये गैरवर्तन ठरवलं. मूळ आकडे मागितले तेव्हा उत्तर आलं की संगणकात जागा नव्हती म्हणून पुसले. प्रयोगाची वही? नव्हतीच. इथे मी वर्गात थांबायचे. घर बदलताना हरवलेली वही मला दिसायची. त्याच्या विद्यापीठानं, जर्मनीतल्या कोन्स्टान्झनं, २००४ मध्ये त्याची डॉक्टरेटसुद्धा काढून घेतली. तो कोर्टात गेला, पण विद्यापीठाचा निर्णयच शेवटी टिकला.

आपल्याकडचं उदाहरण चंदीगडचं. पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता. हिमालयातले जीवाश्म हा त्यांचा प्रांत. पाव शतकात शेकड्यांनी लेख, शंभराच्या वर सहलेखक. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये लिहून दाखवून दिलं की यातले कित्येक जीवाश्म हिमालयातले असूच शकत नाहीत. कोनोडोंट म्हणजे दातासारखे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे अवशेष. गुप्तांचे काही कोनोडोंट न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या ओढ्यातल्या प्रसिद्ध नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. ओढा अमेरिकेत आणि दात हिमालयात. सहलेखकांपैकी बऱ्याच जणांनी ती जागा कधी पाहिलेलीच नव्हती. नमुना टपालानं यायचा, ते वर्णन करून द्यायचे, जागेचं नाव गुप्ता घालायचे. फ्रान्सचे फिलिप जाँव्हिए हेही असेच फसलेले सहलेखक. त्यांनी नंतर 'नेचर'मध्ये विश्वास मोडल्याबद्दल लिहिलं.

मला त्यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी झाली, ठपका आला, आणि तरी माणूस नोकरीत राहिला. वेतनवाढी रोखल्या गेल्या. २००२ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. हिमालयाचं भूशास्त्र मात्र त्या लेखांमुळे जे नासलं, ते नीट करायला इतरांना वर्षं घालवावी लागली, कारण एकदा छापलेला जीवाश्म दुसऱ्यांच्या याद्यांत, तिसऱ्यांच्या नकाशांत जाऊन बसतो. मी हे सांगत असताना एका चौकोनातून प्रश्न आला, "मॅडम, आपल्याकडे सगळीकडे असंच होतं का?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय. ते खरंच जात होतं, पण तेव्हा नाही.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गची गोष्ट मी शेवटच्या तासाला ठेवायचे. सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक डिडेरिक स्टापेल, विद्याशाखेचे डीन. विद्यार्थ्यांना म्हणायचे, शाळांमधून माहिती मी गोळा करतो, तुम्ही विश्लेषण करा. प्रश्नावल्या जायच्या, आकडे यायचे, आणि आकडे नेहमी हवे तसेच यायचे. मध्ये शाळा नव्हतीच. २०११ च्या उन्हाळ्यात तीन तरुण संशोधकांनी अनेक महिने टिपणं ठेवून ते पुढे आणलं. त्यांच्या आधीही काहींना संशय आला होता, त्याचं पुढे काही झालं नव्हतं. या वेळी मात्र काही आठवड्यांत निलंबन झालं, तीन विद्यापीठांच्या तीन समित्यांनी एकत्र अहवाल केला, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात तो सगळ्यांना वाचायला खुला केला. त्यांचे पन्नासहून जास्त लेख मागे घेतले गेले. त्या अहवालात एकट्या स्टापेलवर खापर फोडून हात झटकलेले नाहीत. वाचणारे, तपासणारे, संपादक, बरोबर बसून जेवणारे, एवढे सुंदर आकडे पाहून कोणाला खटकलं कसं नाही, हेही विचारलंय. ज्यांचे प्रबंध त्या खोट्या आकड्यांवर उभे होते त्या विद्यार्थ्यांचा दोष नाही, असंही स्पष्ट लिहिलं. तिथेही माणसं माणसंच आहेत, संशयितांना सांभाळून घेणारी. पण कागद कपाटात गेला नाही. आमचा गेला. माझी सही असलेला तो अहवाल आज कोणी मागितला तरी सापडेल का, शंका आहे.

बाजाराबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. प्राध्यापकांच्या नोकरी-बढतीसाठी लेखांचे गुण मोजायला लागल्यापासून लेख म्हणजे चलन झालं, दोन-चार हजारांत आयएसएसएन या नियतकालिकाच्या क्रमांकासकट छापून देणारे निघाले, आयोगानं २ मे २०१८ ला आपल्याच मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं एका दिवसात काढून टाकली. हे सगळं खरं आहे. पण माझ्या १६१५ ला यातलं काहीच जबाबदार नव्हतं. १९९५ मध्ये गुणांची यादी नव्हती. मला फक्त ती पोथी जुनी असायला हवी होती.

तक्रार करणाऱ्या मुलीनं पुढच्या वर्षी पीएच.डी. सोडली. गाइडनी काढलं नाही, काही बोललेही नाहीत. नुसतं तिचं काम वाचायचं बंद केलं. सहा-सहा महिन्यांचे प्रगती अहवाल सह्यांवाचून पडून राहिले. याला गैरवर्तन म्हणत नाहीत, कुठल्याही कोष्टकात हे बसत नाही.

गेल्या वर्षी लातूरच्या बसस्टँडवर ती भेटली. ज्युनियर कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवते. तिनंच ओळखलं, माझी पिशवी घेतली, पाण्याची बाटली आणून दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाडी लागायला वीस मिनिटं होती. मी विचारलं, तुला ते संवत्सराचं कसं कळलं होतं गं?

"मी गेले होते ना, मॅडम, मठात. डबा उघडला, मोबाइलच्या टॉर्चवर वाचलं. विजय दिसला. मग हिशेब केला."

"आणि तो लेख कोणाचा, ते?"

ती जरा वेळ गाड्यांकडे पाहत राहिली. "ते मला आधीच माहीत होतं. तुमचं नाव मी मुद्दाम नव्हतं घातलं. म्हटलं, मॅडम स्वतःच सांगतील."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी ते आता छापणार आहे, दुरुस्ती. ते त्रैमासिक कधीच बंद पडलं, संपादक वारले, म्हणून जिथे जागा मिळेल तिथे. तुझं नाव घालू का, वाचन तुझंच आहे.

"नको, मॅडम." मग गाडीत चढता चढता वळून म्हणाली, "पण पान नंबर नीट टाका. लोक संदर्भ देताना चुकतात."

त्रैमासिकाचं आणि मठाचं नाव इथे देत नाही. दिलं तर तो प्राध्यापक आणि ती मुलगी, त्या दोघांपर्यंत पोचायला कोणालाही पाच मिनिटं लागणार नाहीत, आणि त्यातल्या एकीनं काहीही केलेलं नाही. ज्या पाच-सात जणांनी माझा तो लेख वापरला आहे, त्यांना मी पत्रं पाठवली आहेत. बाकी ज्यांच्याकडे तो अंक असेल, त्यांना शीर्षकाशिवायही कळेल.

शुद्धिपत्र. पृष्ठ ४१, ओळ ९: 'शके १६१५ …… नाम संवत्सरे' हे अशुद्ध. 'शके १६९५ विजयनाम संवत्सरे' असे वाचावे. पृष्ठ ३८, ओळ २ आणि पृष्ठ ४४, ओळ १७: 'सर्वांत जुनी ज्ञात प्रत' हे शब्द गाळावेत.